भीतीचं एक्सेल शीट

तर झालं असं. सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला. २०१८ साली ज्यांनी तो चुकवला होता ते सगळे या वेळी धावत गेले, त्यात आमची अर्धी टीम होती. सोमवारी कँटीनमध्ये दुसरा विषयच नाही. ती म्हातारी, तो पाऊस, ते कणकेचे बाहुले, ती सोन्याची नाणी आणि अर्थातच हस्तर.

टीममध्ये एक पोरगा आहे. तीनेक वर्षांपूर्वी कॉलेजातून आला, हुशार आहे, कोड नेटका लिहितो. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "दादा, हस्तर काही आपला नाही. तो लव्हक्राफ्टचा देव आहे. कथुलूचा सावत्र भाऊ. वायुतत्त्वाचा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही."

मी विचारलं, "हे लव्हक्राफ्टच्या कुठल्या कथेत आहे?"

"कथेत म्हणजे... लोरमध्ये आहे ना!"

"बरं, लव्हक्राफ्टचं काय काय वाचलंयस?"

"वाचलं नाहीये तसं. पण सगळं माहितीये."

मंडळी, आजचा सगळा राग त्या शेवटच्या वाक्यावर आहे. पोरावर नाही. पोरगा गुणी आहे, आणि 'लोर' या शब्दाने त्याच्या पिढीला जे काही वाटतं ते मीही त्याच्या वयात वेगळ्या शब्दांत केलेलं आहे (ते पुढे येईलच). पण "वाचलं नाही, पण सगळं माहितीये" हे वाक्य भयकथेच्या बाबतीत साफ खोटं आहे. इतिहासाबद्दल ते थोडंफार चालेल. एखाद्या फ्रेमवर्कबद्दल चालतं, आपण इंटरव्ह्यूत रोज चालवतो. भीतीबद्दल चालत नाही. कारण भयकथेत जे 'माहीत' होतं ते टरफल असतं, आणि आतला दाणा फक्त वाचताना मिळतो.

आधी त्या हस्तरचंच बघू. हे जरा मजेशीर आहे.

हस्तर हे नाव इंग्रजी साहित्यात आलं ते १८९० च्या दशकात, अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एका छोट्या कथेत. तिथे तो कोण आहे? मेंढपाळांचा देव. चांगला, शांत, एका भाबड्या पोराच्या प्रार्थना ऐकणारा. मग १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सचा 'द किंग इन यलो' हा संग्रह आला. त्यात हे नाव एका कथेत ताऱ्यांच्या आणि गूढ शहरांच्या जोडीला येतं, आणि दुसऱ्या एका कथेत हस्तर नावाचा चक्क एक नोकर आहे, ससाणे सांभाळणारा. पुढे १९३१ मध्ये लव्हक्राफ्टच्या 'द व्हिस्परर इन डार्कनेस' या कथेत ते नाव डोकावतं. एकदा विचित्र नावांच्या एका लांबलचक यादीत आणि एकदा एका गुप्त पंथाच्या संदर्भात. बास. देव की गाव की माणूस, काही कळत नाही. कळू नये अशीच योजना आहे.

मग कथुलूचा सावत्र भाऊ कुठून आला? वायुतत्त्व कुठून आलं? तर १९३९ साली ऑगस्ट डर्लेथ नावाच्या लेखकाने 'द रिटर्न ऑफ हस्तर' अशी एक कथा लिहिली, तिथून. लव्हक्राफ्ट तेव्हा मरून दोन वर्षं झाली होती.

आणि इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. कारण याच डर्लेथने, याच १९३९ साली, लव्हक्राफ्टला विस्मरणातून वाचवलं.

पण आधी माझा कबुलीजबाब. माझी पहिली नोकरी, नाइट शिफ्ट, परदेशातला क्लायंट, आणि रात्री दोन ते चार या वेळात काहीही काम नसायचं. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेलं एक जाडजूड पेपरबॅक माझ्या बॅगेत होतं, लव्हक्राफ्टच्या कथांचं. पहिल्या दोन कथा वाचल्या आणि मग मी काय केलं असेल? एक्सेल उघडलं. देवांची नावं, त्यांची ठिकाणं, कोणाचा कोण, कुठल्या कथेत येतो. रंगसुद्धा भरले होते सेल्सना. पुस्तकात सापडलं नाही ते जालावरून शोधून टाकलं. महिन्याभरात शीट दोनशे ओळींचं झालं आणि पुस्तक साठाव्या पानावर अडकलं. मला ते कधी कळलंही नाही. मी मजेत होतो, कारण मला 'सगळं माहीत' होतं. भीती मात्र त्या पहिल्या दोन कथांनंतर एकदाही वाटली नव्हती. आमच्या पोराला मी कुठल्या तोंडाने बोलणार?

असो. तर १९३९.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट १५ मार्च १९३७ रोजी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स या त्याच्या गावी आतड्याच्या कर्करोगाने वारला. वय ४६. आयुष्यभर पैशाची चणचण. इतरांचं लिखाण दुरुस्त करून देणं हे पोटापाण्याचं मुख्य साधन. स्वतःच्या कथा छापायच्या तर 'वियर्ड टेल्स'सारखी स्वस्त कागदाची मासिकं, आणि तीही कित्येकदा साभार परत पाठवायची. 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही त्याची मोठी कथा १९३१ मध्ये त्याच मासिकाने नाकारली, आणि त्याने तो इतका खचला की बराच काळ लिहिणं मंदावलं. जिवंतपणी पुस्तक म्हणावं असं एकच निघालं, १९३६ मध्ये, एका हौशी प्रकाशकाकडून. दोनशेच्या आसपास प्रती बांधल्या गेल्या आणि आत छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्र जोडावं लागलं.

या माणसाच्या कथा पिवळ्या पडलेल्या मासिकांबरोबर रद्दीत जाणार हे ठरलेलं होतं. त्या गेल्या नाहीत, कारण विस्कॉन्सिन राज्यातल्या सॉक सिटी या छोट्या गावात राहणारा डर्लेथ आणि त्याचा मित्र डोनाल्ड वॉन्ड्रे या दोघांनी हट्ट धरला. मोठ्या प्रकाशकांनी नकार दिला. डर्लेथ तेव्हा जेमतेम तिशीचा. लव्हक्राफ्टला तो प्रत्यक्ष कधी भेटलेलाही नव्हता, सगळा संबंध पत्रांचा. त्या दोघांनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली, तिला लव्हक्राफ्टच्या काल्पनिक गावाचं नाव दिलं, आर्कम हाउस, आणि 'द आउटसायडर अँड अदर्स' हा संग्रह छापला. घर बांधायला डर्लेथने बँकेचं कर्ज काढलं होतं, त्यातले पैसे यात गेले. ज्यांच्या डोक्यावर होम लोन आहे त्यांनी क्षणभर थांबून या वाक्याचा विचार करावा.

पुस्तक कसं होतं? ५५३ पानं, ३६ कथा, शेवटी भयसाहित्यावरचा लव्हक्राफ्टचा दीर्घ निबंध, व्हर्जिल फिनलेचं मुखपृष्ठ. प्रती १,२६८. किंमत ५ डॉलर, आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना साडेतीन. आगाऊ मागण्या आल्या दीडशे. सगळ्या प्रती संपायला चार वर्षं लागली. आज त्यातली एखादी चांगल्या अवस्थेतली प्रत लिलावात येते तेव्हा आपण फक्त बोली बघायची आणि ब्राउजर बंद करायचा.

म्हणजे डर्लेथचे उपकार डोंगराएवढे आहेत. तो नसता तर माझं ते फुटपाथवरचं पेपरबॅक नसतं. हे सगळं मान्य करून आता मी म्हणतो की ज्या माणसाने लव्हक्राफ्टचं पुस्तक वाचवलं त्यानेच त्यातली भीती मारली. आणि आज जो 'लोर' म्हणून व्हिडिओंमधून आपल्या गळी उतरतो, त्याचा बराचसा सांगाडा या उपकारकर्त्याचा आहे.

लव्हक्राफ्टच्या कथेतली कल्पना साधी आणि भयंकर आहे. विश्व प्रचंड आहे, त्यात आपल्याआधीपासून काही गोष्टी आहेत, आणि त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नाही. वैरसुद्धा नाही. माणसाचे कायदे, माणसाचं प्रेम, माणसाची नीती यांना आकाशगंगेच्या पातळीवर काही किंमत नाही, हे तो पत्रांमधून स्वच्छ लिहायचा. तो पक्का नास्तिक होता. आपण मुंगीच्या वारुळावरून चालत जातो तेव्हा आपण मुंग्यांचे शत्रू असतो का? तसं.

डर्लेथला हे पचलं नाही. तो श्रद्धाळू घरातला, कॅथलिक. त्याने काय केलं, तर एका बाजूला चांगले देव आणले, दुसऱ्या बाजूला दुष्ट. चांगल्यांनी दुष्टांना कैदेत टाकलं, दुष्ट सुटायची धडपड करतात, आणि माणसाच्या हातात विशिष्ट चांदणीचा दगड असला की ते दूर राहतात. झाली की नाही ओळखीची गोष्ट? मग त्याने दुष्टांची चार तत्त्वांत विभागणी केली. पृथ्वी, आप, तेज, वायू. कथुलू आपमध्ये, हस्तर वायूमध्ये. आणि मग लक्षात आलं की तेजाचा रकाना रिकामाच राहिलाय. आता रकाना रिकामा राहिला तर आपल्यासारख्यांना झोप लागत नाही. डर्लेथलाही लागली नसावी. त्याने क्थुघा नावाचा अग्निदेव तयार केला आणि १९४४ च्या एका कथेत आणून बसवला. टेबल पूर्ण!

यातला विनोद बघा. लव्हक्राफ्टच्या मूळ कथेत (१९२८) कथुलूचं शहर समुद्रात बुडालेलं आहे, आणि वरच्या पाण्यामुळेच त्याचे विचार जगापर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणजे पाणी हा त्याचा तुरुंग आहे. आणि डर्लेथच्या टेबलात तो जलतत्त्वाचा अधिपती! कोड रिव्ह्यूत हे आलं असतं तर मी मर्ज होऊ दिलं नसतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. आपल्या या चांगले-विरुद्ध-दुष्ट मांडणीला आधार म्हणून डर्लेथ वर्षानुवर्षं लव्हक्राफ्टचं म्हणून एक वाक्य उद्धृत करत राहिला, की माझ्या सगळ्या कथांच्या मुळाशी हाकलून दिलेल्या दुष्ट शक्तींची गोष्ट आहे, वगैरे. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की ते वाक्य हॅरॉल्ड फार्नीज नावाच्या एका संगीतकाराच्या पत्रातलं. त्याने लव्हक्राफ्टचं म्हणून ते डर्लेथला कळवलं होतं, पण लव्हक्राफ्टच्या हातचं तसं काही सापडलेलं नाही. आणि 'द लर्कर अ‍ॅट द थ्रेशोल्ड' (१९४५) ही कादंबरी दोघांच्या नावावर आली, त्यात लव्हक्राफ्टचे शब्द साधारण बाराशे आणि डर्लेथचे उरलेले, म्हणजे सुमारे पन्नास हजारांतले बाकी सगळे. डर्लेथच्याच एका कथेत अमेरिकन सैन्य कथुलूच्या बेटावर अणुबाँब टाकतं. विश्वाच्या अथांग, बेफिकीर पोकळीची भीती सुरू होऊन कुठे येऊन पोचली बघा. बाँब टाका, विषय संपवा.

१९७२ मध्ये रिचर्ड टिअर्नी या लेखकाने एक छोटा निबंध लिहून सरळ म्हटलं की ही मिथककथा लव्हक्राफ्टची नाही, डर्लेथची आहे. पण तोवर गाडी सुटली होती. १९८० मध्ये एका रोल-प्लेइंग गेमच्या पुस्तकात या देवांना हिट पॉइंट्स मिळाले. म्हणजे किती वार केले की कथुलू मरेल याचा आकडा! आज कथुलूची कापसाची बाहुली मिळते. माझ्या डेस्कवरही एक होती, भेट म्हणून आलेली. गोड आहे. तेच तर दुखणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, लव्हक्राफ्टने स्वतःच ही नावं मित्रांना वाटली, मित्रांची नावं आपल्या कथांत घेतली. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड, सगळे एकमेकांच्या अंगणात खेळत होते. मग डर्लेथनेच काय पाप केलं?

मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच फरक नीट बघायला हवा. लव्हक्राफ्ट नावं पसरवायचा ती अफवेसारखी. एकाच नावाचे दोन कथांत दोन अर्थ. एका ग्रंथाचा उल्लेख पाच ठिकाणी, पण त्यातलं वाक्य हाताला लागतं एखाददुसरं. गावात एखाद्या वाड्याबद्दल बोलतात तसं: प्रत्येकाला थोडं माहीत, कुणालाच पूर्ण नाही, आणि दोघांचं सांगणं जुळत नाही. भीती त्या न जुळण्यात असते. डर्लेथने गावभरच्या अफवा गोळा केल्या, विसंगती काढून टाकल्या, आणि वाड्याचा सातबारा काढून हातात दिला. सातबारा वाचून कुणी घाबरलंय का? (सातबाऱ्यावर भावाचं नाव चढलेलं दिसलं तर घाबरतात, ती गोष्ट वेगळी.)

दाणा म्हणजे काय म्हणतोय ते सांगायला या संग्रहातलीच एक कथा घेतो. 'द कलर आउट ऑफ स्पेस'. १९२७ साली 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये आली. मानधन २५ डॉलर, तेही मागून मागून मिळालं. लव्हक्राफ्टची स्वतःची आवडती.

कथेचा निवेदक आपल्यापैकीच आहे. सर्व्हेअर. एका नव्या जलाशयासाठी खोऱ्याची मोजणी करायला आलेला, शहराला पाणी हवंय म्हणून. त्याला मध्येच पाच एकरांचा एक राखाडी, मेलेला पट्टा दिसतो, जिथे काहीच उगवत नाही. गावातला एक म्हातारा त्याला सांगतो: १८८२ मध्ये नेहम गार्डनर या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडली. कॉलेजातून प्राध्यापक आले, तुकडा घेऊन गेले. आता इथून पुढे प्रत्येक इंजिनिअरने वाचावं असं आहे. ते सगळ्या टेस्ट करतात. तापवून बघतात, आम्लात टाकतात, वर्णपट काढतात. सगळी टेस्ट नीट चालते. आणि काहीच हाती लागत नाही. दगड थंड होत नाही, लहान लहान होत जातो, आणि ज्या काचपात्रात ठेवला तेही घेऊन नाहीसा होतो. आतल्या गोळ्याचा जो रंग, तो रंग म्हणावा की नाही हेही ठरत नाही.

मग नेहमच्या बागेत फळं धरतात. मोठी, टपोरी, चकचकीत, कधी आली नव्हती अशी. आणि एकही खाण्याजोगं नाही, सगळी कडू. तिथे मला पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. राक्षस नाही, रक्त नाही. फक्त एक शेतकरी, भरघोस पीक, आणि ते तोंडात घातल्यावर त्याचा बदललेला चेहरा. पुढे जे होतं ते मी सांगणार नाही. इतकंच सांगतो की त्या घरातली माणसं तिथून निघून जात नाहीत. जायला हवं हे त्यांना दिसतं, आणि ती जात नाहीत. तेच पाणी पीत राहतात.

शेवटी निवेदक दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन नोकरीचा राजीनामा देतो. जलाशय होणारच आहे. ते पाणी आपण पिणार नाही, एवढंच तो म्हणतो.

आता ही कथा माझ्या एक्सेल शीटमध्ये कुठे होती? कुठेच नव्हती! यात देव नाही, नाव नाही, सावत्र भाऊ नाही, तत्त्व नाही. रकान्यात टाकायला काहीच नसल्यामुळे मी ती चार वर्षं वाचलीच नव्हती. लव्हक्राफ्टची सगळ्यात जबरदस्त कथा, आणि 'सगळं माहीत' असलेल्या मला तिचा पत्ता नव्हता. ज्या रात्री वाचली त्या रात्री पाणी प्यायला उठलो आणि ग्लास हातात धरून बराच वेळ नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ते शीट डिलीट केलं.

दुसरा आक्षेप येतो तो जास्त गंभीर. हा माणूस वंशद्वेष्टा होता, त्याला कशाला वाचायचं? होता. सारवासारव करायचं कारण नाही. याच १९३९ च्या संग्रहात 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक' आहे, न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांबद्दलची घृणा त्यात पानापानावर आहे. परदेशात 'ऑनसाइट' राहिलेल्या कुणीही ती वाचावी आणि आपण त्या पानांवर कुठल्या बाजूला आहोत ते बघावं. वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून १९७५ पासून लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याचा पुतळा देत असत, तो २०१५ मध्ये बंद झाला. योग्य झालं. पण हेही लक्षात घ्या की लोरच्या टेबलात हा द्वेष कुठेच दिसत नाही. तिथे फक्त गोंडस राक्षस आहेत, धुऊन स्वच्छ केलेले. त्याचा द्वेष आणि त्याची प्रतिभा एकाच पानावर कशी नांदते हे कळायचं असेल, आणि मग त्याच्यावर चिडायचं असेल, तर त्यासाठीही वाचावंच लागतं.

आणि आता आपल्या घरचं. बाहेरच्यांना नावं ठेवून झाली की घरात बघावं.

माझी पिढी नारायण धारपांवर (१९२५–२००८) वाढली. वाचनालयातून आणलेली, खाकी कव्हर घातलेली, कोपरे झिजलेली ती पुस्तकं. धारपांनी परदेशी भयकथांचं वारं मराठी घरात आणलं, कित्येक कथा तिकडच्यांवर बेतून, आणि इथल्या वाड्यांत अशा बसवल्या की त्या इथल्याच वाटाव्यात. त्यांचा मी ऋणी आहे. पण खरं सांगा, 'समर्थ' आले की आपली भीती संपायची ना? दार उघडून ते आत आले की आपण पांघरुणातून डोकं बाहेर काढायचो. आता सगळं ठीक होणार. चांगली शक्ती, वाईट शक्ती, आणि चांगलीकडे जास्त ताकद. वयाच्या बाराव्या वर्षी मला ते हवंच होतं, समर्थ नसते तर मी झोपलोच नसतो. पण रात्री आठवतात त्या धारपांच्या समर्थ नसलेल्या कथा. तसंच रत्नाकर मतकरींचं. 'खेकडा' वाचून कुणाला त्यातल्या शक्तींचं टेबल करावंसं वाटलं नाही. तिथे सोडवायला कुणी येत नाही.

आणि गंमत म्हणजे 'तुंबाड'चं बीज धारपांच्या कथेतच असल्याचं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेलं आहे. कँटीनमध्ये हस्तर-कथुलू भाऊबंदकीवर वीस मिनिटं चर्चा झाली. धारपांचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. "हस्तर काही आपला नाही" म्हणे!

वेळ नाही ही सबब मी ऐकणार नाही. देवांची वंशावळ समजावणारा दीड तासाचा व्हिडिओ बघायला वेळ आहे. या संग्रहातली 'द म्युझिक ऑफ एरिक झान' ही कथा वीस मिनिटांत होते. एक म्हातारा वादक, वरच्या मजल्यावरची खोली, आणि पडदा लावलेली एक खिडकी. खिडकीपलीकडे काय आहे हे कथा सांगत नाही. सांगितलं असतं तर त्याचाही व्हिडिओ निघाला असता.

भाषा जड आहे, तेही खरं. विशेषणांचा पाऊस पाडतो तो. पहिली दहा पानं त्रास होतो, मग कान सरावतो. आणि पैशाचा प्रश्नच नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे कॉपीराइट संपतो, याचा १९९७ च्या अखेरीस संपला. हव्या तेवढ्या कथा फुकट वाचा. तीनच वाचा हवं तर: आधी 'एरिक झान', मग 'द रॅट्स इन द वॉल्स', मग 'द कलर आउट ऑफ स्पेस'. अट एकच. आधी काही शोधायचं नाही, मध्ये काही शोधायचं नाही, आणि वाचून झाल्यावर निदान एक रात्र तरी "एंडिंग एक्सप्लेन्ड" टाइप करायचं नाही.

आमच्या पोराला मी त्या दिवशी ही तिसरी कथा पाठवली. आठवडाभर काही बोलला नाही. मग एका संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "दादा, वाचली. पण तो रंग म्हणजे नक्की काय होतं? त्याला नाव का नाही दिलं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"डोक्यातून जात नाहीये राव," म्हणाला, आणि पाचव्या मजल्यावर उतरून गेला.